मुक्या जनावरांचा कैवारी : रिचर्ड मार्टिन

अठराव्या शतकातील इंग्लंडचा फौजदारी कायदा वाचताना एका गोष्टीचे मोठे नवल वाटते. शेजाऱ्याची मेंढी चोरणाऱ्याला त्या देशात फाशी होऊ शकत असे. 1723 च्या एका कायद्याने दुसऱ्याचे जनावर द्वेषबुद्धीने जखमी करणाऱ्यालाही तीच शिक्षा ठेवली होती. मात्र स्वतःच्या मालकीच्या घोड्याला कोणी उपाशी ठेवले, भर रस्त्यात मरेस्तोवर झोडपले किंवा त्याचा डोळा फोडला, तर त्याला जाब विचारण्याची सोय नव्हती. कायद्याच्या लेखी जनावर म्हणजे मालमत्ता. वेदना मालमत्तेला होत नाहीत. नुकसान होते ते मालकाचे, आणि मालकानेच मारले तर नुकसान तरी कोणाचे?

हा प्रश्न एका माणसाने ब्रिटिश पार्लमेंटपुढे नेला आणि हसे सोसूनही सोडला नाही. त्याचे नाव रिचर्ड मार्टिन. मी इतिहास शिकवतो. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचा भाग आला की विल्बरफोर्सचे नाव दरवर्षी फळ्यावर लिहितो. विल्बरफोर्सच्याच सहवासात काम केलेल्या या मार्टिनचे नाव इंग्लंड-आयर्लंडात प्रसिद्ध आहे, पण आमच्या क्रमिक पुस्तकांत ते येत नाही. जनावरांना छळणाऱ्यास शिक्षा असावी का, असल्यास किती आणि कोणाला, हा वाद आपल्याकडेही मिटलेला नाही. म्हणून या माणसाचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांना करून द्यावा, असे मला वाटले.

मार्टिनचा जन्म 1754 सालचा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे परगण्यात कॉनेमारा नावाचा डोंगराळ, दलदलीचा, ओसाड पण देखणा मुलूख आहे. तेथे मार्टिन घराण्याची सुमारे दोन लाख एकर जमीन होती. घराणे मूळचे कॅथॉलिक. त्या काळी कॅथॉलिकांना पार्लमेंटचे दरवाजे बंद होते. म्हणून बापाने मुलाला प्रॉटेस्टंट पंथात वाढवले, ते अशासाठी की त्याने पार्लमेंटात जावे आणि आपल्या लोकांसाठी भांडावे. मुलाने बापाची ही इच्छा पुरी केली. कॅथॉलिकांना समान हक्क मिळावेत म्हणून तो जन्मभर बोलत राहिला, आणि 1829 साली ते हक्क मिळालेले पाहून मगच त्याने डोळे मिटले.

शिक्षण हॅरोच्या शाळेत आणि पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. हॅरोला सॅम्युअल पार नावाचे एक विद्वान शिक्षक होते. जनावरांशी दयेने वागावे, ही शिकवण ते मुलांना देत. मार्टिनच्या मनात दयेचे बी तेथे पडले असे त्याचे चरित्रकार मानतात. मुलांच्या मनावर शिक्षकाच्या बोलण्याचा परिणाम होतो की नाही, याविषयी आम्हा अध्यापकांना अधूनमधून शंका येते. तिला हे एक उत्तर आहे.

दयाळू म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे कोणी शांत, मृदुभाषी साधुपुरुष उभा राहतो. मार्टिन तसा मुळीच नव्हता. तो तापट होता, हट्टी होता, विनोदी होता आणि कर्जबाजारी होता. पिस्तुलाच्या द्वंद्वयुद्धांत तो इतका पटाईत की त्यावरूनही त्याला एक टोपणनाव पडले होते. एका द्वंद्वात त्याच्याच नात्यातला एक तरुण त्याच्या हातून मेला आणि त्याचे दुःख त्याला अखेरपर्यंत राहिले. एक द्वंद्व तर कुत्र्यापायी झाले. जॉर्ज फिट्झजेराल्ड नावाच्या एका भांडखोर जमीनदाराने लॉर्ड ऑल्टमाँट यांचा एक उमदा शिकारी कुत्रा केवळ खुन्नस म्हणून गोळी घालून मारला. मार्टिनला ते सहन झाले नाही. दोघे समोरासमोर आले, गोळ्या झाडल्या गेल्या, दोघेही वाचले. पुढे 1786 मध्ये हाच फिट्झजेराल्ड एका माणसाच्या खुनाबद्दल फासावर गेला.

आपल्या जहागिरीत मार्टिनचा शब्द म्हणजे कायदा होता. बॅलिनाहिंचच्या तळ्यात एका बेटावर जुनी गढी आहे. जो कूळ आपल्या जनावराला छळील त्याला नावेत घालून त्या गढीत काही दिवस कोंडायचे, अशी त्याची रीत होती, असे तिकडचे लोक सांगतात. आज आपण या गोष्टीकडे कौतुकाने पाहू नये. फिर्याद नाही, साक्ष नाही, जमीनदाराची मर्जी हाच न्याय. परंतु पुढे लंडनला गेल्यावर याच माणसाने हा मर्जीचा न्याय सोडून कायद्याचा, साक्षीपुराव्याचा मार्ग धरला. त्याच्या आयुष्यातला हा पालट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

1776 मध्ये तो प्रथम आयर्लंडच्या पार्लमेंटात गेला. 1801 मध्ये ते पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटात विलीन झाले आणि मार्टिन गॉलवेचा प्रतिनिधी म्हणून वेस्टमिन्स्टरला आला. जनावरांचा प्रश्न तेथे अगदीच नवा नव्हता. बैलाला खुंटीला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा एक खेळ इंग्लंडात गावोगाव चाले. तो बंद करण्याचे विधेयक 1800 साली आले आणि अवघ्या दोन मतांनी पडले. 1809 साली लॉर्ड अर्स्किन यांनी आणलेले विधेयक उमराव सभेत संमत झाले, पण कॉमन्स सभेत बारगळले. या दोन्ही विधेयकांना विल्यम विंडहॅम या मुरब्बी सभासदाचा विरोध होता. त्याचा मुद्दा हसून सोडून देण्यासारखा नव्हता. श्रीमंत लोक घोड्यांवर बसून कोल्ह्या-हरणांच्या मागे धावतात त्याला मर्दानी खेळ म्हणायचे, आणि गरिबाने बैलावर कुत्रा सोडला की त्याला क्रूर ठरवून दंड करायचा, हा कोणता न्याय, असे तो विचारी. म्हणून कोणालाच शिक्षा नको, हा त्याचा निष्कर्ष चुकीचा होता. पण त्याने ठेवलेले बोट खऱ्या दुखऱ्या जागेवर होते.

1821 साली मार्टिनने आपले विधेयक मांडले. त्या चर्चेची हकीगत टाइम्स वर्तमानपत्रात आली होती. विधेयकात गाढवांचाही समावेश करावा, अशी सूचना एका सभासदाने करताच सभागृहात असा हशा पिकला की वार्ताहराला पुढचे बोलणे नीट ऐकू येईना. दुसरा कोणी म्हणाला की आता कुत्र्यांची पाळी येईल. तिसऱ्याला मांजरांची आठवण झाली. पुन्हा हशा. हे हसणारे लोक काही राक्षस नव्हते. घरी त्यांचीही लाडकी कुत्री असतील. पण जनावर आणि कायदा हे दोन शब्द एका वाक्यात येणे हीच त्यांना गंमत वाटत होती. विधेयक कॉमन्समधून कसेबसे बाहेर पडले आणि उमराव सभेत अडले.

मार्टिनने पुढच्याच वर्षी ते पुन्हा आणले. 22 जुलै 1822 रोजी त्याला राजाची संमती मिळाली. राष्ट्रीय पार्लमेंटाने जनावरांच्या छळाविरुद्ध केलेला हा जगातील पहिला मोठा कायदा मानला जातो. कायदा अगदी छोटा होता. घोडे, खेचरे, गाढवे, गाई, बैल, मेंढ्या व इतर गुरे यांना जो निर्दयपणे मारील किंवा छळील, त्याच्याविरुद्ध कोणीही मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर फिर्याद द्यावी. गुन्हा शाबीत झाल्यास दंड कमीत कमी दहा शिलिंग, जास्तीत जास्त पाच पौंड. दंड न भरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. आणि फिर्याद निव्वळ त्रास देण्यासाठी केली आहे असे दिसले तर फिर्यादीनेच वीस शिलिंगांपर्यंत भरपाई द्यावी.

मेंढी चोरल्याबद्दल फाशी देणाऱ्या देशात दहा शिलिंगांचा दंड म्हणजे काहीच नव्हे, असे कोणीही म्हणेल. पण मार्टिनला जबर शिक्षांचा सोस नव्हता. खोट्या दस्तऐवजाबद्दलची फाशी रद्द व्हावी म्हणून तो पार्लमेंटात भांडला. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या कैद्याला वकिलामार्फत ज्यूरीपुढे आपली बाजू मांडू द्यावी, यासाठी त्याने वारंवार प्रयत्न केले. तो हक्क त्याच्या मृत्यूनंतर 1836 मध्ये मिळाला. जनावरांवरची दया आणि आरोपी माणसावरची दया त्याच्या मनात वेगळ्या नव्हत्या. घोड्याला मारणाऱ्याचे वाटोळे करावे असे त्याला वाटत नव्हते; हा गुन्हा आहे हे त्याला चारचौघांत, न्यायालयात, एकदा कळावे एवढेच त्याला हवे होते.

कायदा झाला, पण तो चालवणार कोण? पोलीस दल आजच्या अर्थाने लंडनला नव्हते. ते 1829 साली आले. मार्टिन स्वतःच निघाला. लंडनच्या मध्यवस्तीत स्मिथफील्ड येथे जिवंत जनावरांचा मोठा बाजार भरत असे. वयाची साठी उलटून गेलेला हा पार्लमेंटचा सभासद त्या चिखलातून, शेणातून हिंडे. जनावराला झोडपणारा दिसला की त्याला धरी आणि मॅजिस्ट्रेटकडे घेऊन जाई. ऑगस्ट 1822 मध्ये घोड्यांच्या दोघा विक्रेत्यांना त्याने असा दंड करविला. बिल बर्न्स नावाच्या भाजीवाल्याच्या खटल्यात त्याने गाढवालाच न्यायालयात आणून त्याच्या अंगावरच्या जखमा दाखवल्या, अशी आख्यायिका आहे. या प्रसंगाचे पुढे चित्रही निघाले. वर्तमानपत्रे आणि व्यंगचित्रकार यांना तर तो आयताच सापडला होता.

यानंतरची गोष्ट मात्र व्यंगचित्रकारांच्या ध्यानी आली नाही. दंड झालेला गाडीवान गरीब आहे, त्याच्या घरी चूल पेटणार नाही असे दिसले की मार्टिन अनेकदा त्या दंडाचा काही भाग आपल्या खिशातून भरी. काहींना हा दुबळेपणा वाटला. मला यात मोठे शहाणपण दिसते. दंड झाला पाहिजे, याविषयी तो कोणाचीही भीड ठेवत नसे. आणि दंडाने माणूस उद्ध्वस्त होता कामा नये, याचाही त्याला विसर पडत नसे. राजा चौथा जॉर्ज हा त्याचा मित्र. त्याने मार्टिनला ह्युमॅनिटी डिक म्हणजे दयावान डिक हे नाव दिले असे सांगतात. ते नाव कायमचे चिकटले.

16 जून 1824 रोजी लंडनच्या ओल्ड स्लॉटर्स नावाच्या कॉफीगृहात काही मंडळी जमली. आर्थर ब्रूम या धर्मोपदेशकाने ती बोलावली होती. मार्टिन होता, विल्बरफोर्सही होता. जनावरांना क्रूरतेपासून वाचविणारी संस्था तेथे स्थापन झाली. बाजारावर देखरेख करून खटले भरायला माणसे नेमावीत, हा तिचा मुख्य उद्योग. पैसा अपुरा पडला आणि संस्थेच्या कर्जापायी 1826 मध्ये ब्रूमला तुरुंगात जावे लागले. पण संस्था टिकली. 1840 मध्ये राणी व्हिक्टोरियाने तिला रॉयल ही पदवी दिली. संस्थापक म्हणून लोक मार्टिनचे नाव घेत, तेव्हा ते श्रेय ब्रूमचे आहे असे तो आवर्जून सांगे.

त्याच्या कायद्यात उणिवा होत्या. यादीत बैल, गाय असे शब्द होते, पण वळूचा वेगळा उल्लेख नव्हता. म्हणून 1827 मध्ये वळू या कायद्यात येत नाही असा निर्णय न्यायालयाने दिला आणि कुत्रे सोडण्याचा तो खेळ मोकळा राहिला. कुत्रे, मांजरे, अस्वले यांच्यासाठी मार्टिनने वर्षामागून वर्षे विधेयके आणली. ती पडत गेली. 1826 ची निवडणूक तो जिंकला, परंतु त्या निवडणुकीतील दंडेलीबद्दल तक्रार झाली आणि 1827 मध्ये त्याचे सभासदत्व रद्द झाले. सभासदाला कर्जासाठी अटक होत नसे. ते कवच जाताच सावकार दारात उभे राहिले. मार्टिन फ्रान्समध्ये बुलॉन येथे पळून गेला आणि तेथेच 6 जानेवारी 1834 रोजी वारला. दुसऱ्याच वर्षी, 1835 मध्ये, वळू, कुत्रे आणि झुंजीची जनावरे यांना संरक्षण देणारा कायदा झाला. तो पाहायला तो नव्हता.

घराण्याचीही दैना झाली. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात कॉनेमारा उजाड झाला. मार्टिनचा मुलगा थॉमस कुळांना भेटायला गेला असता तापाची लागण होऊन 1847 मध्ये मेला, आणि जहागीर कर्जात बुडाली. पुढे 1924 साली बॅलिनाहिंचचा वाडा विकत घेतला तो आपल्या रणजितसिंहजींनी, ज्यांच्या नावाने रणजी करंडकाचे सामने होतात त्यांनी. हिंदुस्थानचा आणि त्या वाड्याचा असाही एक धागा जुळला.

पण खरा धागा कायद्याचा आहे. ज्या 1834 साली मार्टिन वारला, त्याच वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभाई आदींनी पांजरपोळ सुरू केले. आपली भूतदया जुनी आहे. म्हाताऱ्या गाईला चारा घालणे, मुंग्यांना साखर टाकणे, बेंदराला बैलाची पूजा करणे हे आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही. आमच्या कन्नड विभागातील मित्रांच्या घरी कारहुण्णिमेला हेच होते. मात्र आपली दया जनावराला जवळ घेते. मारणाऱ्याला जाब विचारत नाही. तो जाब विचारणारी पहिली संस्था आपल्याकडे 1861 मध्ये कलकत्त्याला निघाली, 1874 मध्ये मुंबईला निघाली, आणि 1890 मध्ये देशासाठी कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक मांडून हा प्रश्न पुन्हा उभा केला आणि त्यातून 1960 चा आजचा कायदा आला.

त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यास दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. पन्नास रुपयांत आता दोघांचा नाश्ता होत नाही. बहुतेक कलमे अदखलपात्र आहेत. दंड वाढवावा असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सुचवले, सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीचा मसुदाही काढला. आकडा तेथेच आहे.

वर्गात हा विषय काढला की मला दोन प्रकारची उत्तरे मिळतात. काही मुले हसतात; माणसांचे खटले वीस वीस वर्षे पडून आहेत आणि तुम्ही कुत्र्याचे काय घेऊन बसलात, असा त्यांचा भाव असतो. काही मुले संतापाने लाल होतात. असल्या माणसाचे हातच तोडले पाहिजेत, त्याला त्याच जागी ठेचले पाहिजे, असे म्हणतात. पहिली 1821 च्या सभागृहातली आहेत. दुसरी त्यांच्या उलट वाटतात, परंतु परिणाम एकच. हसणारा फिर्याद देत नाही, कारण त्याला ती क्षुल्लक वाटते. संतापणाराही देत नाही, कारण हात तोडायची सोय कायद्यात नाही आणि पन्नास रुपयांच्या दंडासाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायला त्याला वेळ नाही. मध्ये जनावर मार खात राहते.

विंडहॅमचा प्रश्नही आपल्यापुढे आहे. आपल्या भागात उसाचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या वाटेवर टायरच्या बैलगाड्यांची रांग लागते. चढाला बैलाचे गुडघे टेकतात, तोंडाला फेस येतो, आणि पराणी टोचली जाते. 1965 च्या नियमांनी बैलाने किती ओझे ओढावे हे ठरवून दिले आहे. दिवसात नऊ तासांहून जास्त काम नको, आणि पारा 37 अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपू नये, असेही सांगितले आहे. पराणी गाडीवानाच्या हातात आहे हे खरे. पण त्याला पैसे टनावर मिळतात, आणि घेतलेली उचल त्याच्या डोक्यावर असते. गाडी जास्त भरली तरच त्याचे भागते. फक्त त्यालाच दंड करून आपण मोकळे झालो, तर विंडहॅम बरोबर ठरेल. जादा भरलेली गाडी वजनकाट्यावर बिनबोभाट घेणाऱ्यालाही नियम लागू झाला पाहिजे.

मार्टिनचे चरित्र मला यासाठी मोलाचे वाटते. स्वभावाने तो संतापी होता, पण संतापाला त्याने शिक्षेचे माप ठरवू दिले नाही. शिक्षा लहान असली तरी चालेल, ती चुकता कामा नये. ती गरिबाचा घास काढणारी नसावी आणि श्रीमंताला वगळणारीही नसावी. आणि तिच्यासाठी कोणीतरी स्वतः जाऊन, नाव देऊन, शपथेवर सांगायला तयार असले पाहिजे. पन्नास रुपयांचा आकडा वाढलाच पाहिजे. तो वाढेल तेव्हा वाढेल. तोवर चिखलातून मॅजिस्ट्रेटकडे चालत जाण्याचे काम कोणी तरी करावे लागेल, आणि ते करायला पार्लमेंटचा सभासद असावे लागत नाही.